इंकजेट शाई व कार्ट्रिज

इंकजेट शाई ही इंकजेट प्रिंटरमधून अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने कागदावर उडवली जाणारी द्रवरूप शाई आहे. ही शाई साठवून ती प्रिंट हेडपर्यंत पोहोचवणाऱ्या, बदलता येणाऱ्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. अलीकडच्या अनेक प्रिंटरमध्ये कार्ट्रिजऐवजी बाटलीतून भरता येणारी शाईची टाकी असते. घरे, शाळा, छायाचित्रणाची दुकाने, झेरॉक्स केंद्रे आणि शासकीय सेवा केंद्रे अशा अनेक ठिकाणी या तंत्राने छपाई केली जाते.

शाईची तुलना करताना सर्वसाधारणपणे किंमत आणि रंगांचा उठाव यांचाच विचार होतो. तथापि छपाईची गुणवत्ता एकट्या शाईवर ठरत नाही. शाई, कागद आणि प्रिंट हेड या तिघांच्या मेळातून ती निर्माण होते. चकचकीत कागदावर उत्तम छायाचित्र देणारी शाई साध्या कागदावरील दाखल्यासाठी अयोग्य ठरू शकते. त्यामुळे छापलेला कागद पुढे कशाला तोंड देणार आहे, म्हणजे पाणी, ऊन, हाताळणी की अनेक वर्षांची साठवण, हे ठरवल्याशिवाय कोणती शाई चांगली या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

इतिहास

द्रवाची धार सुटताना ती आपोआप थेंबांत तुटते. या घटनेचे गणिती विवेचन ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७८ च्या सुमारास केले. या तत्त्वावर आधारित नोंदयंत्राचे पेटंट स्वीडनमधील रुने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये मिळाले. त्या यंत्राचा उपयोग वैद्यकीय संकेतांचे आलेख काढण्यासाठी झाला.

आजच्या घरगुती प्रिंटरमध्ये धार सतत वाहत नाही. गरज असेल तेव्हाच थेंब सोडला जातो. या पद्धतीचा उष्णतेवर आधारलेला प्रकार १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन ठिकाणी स्वतंत्रपणे विकसित झाला. जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो यांनी १९७७ मध्ये, शाईने भरलेल्या सुईला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श होताच शाई बाहेर उडते, हे पाहिले आणि त्यावरून बबल जेट तंत्राची कल्पना पुढे आली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी कंपनीत जॉन व्हॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास तशाच तत्त्वावर काम केले. एचपीचा थिंकजेट हा प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आला. प्रिंट हेड आणि शाई एकाच डबीत असलेली, शाई संपल्यावर बदलायची कार्ट्रिज हे त्याचे वैशिष्ट्य होते. थिंकजेटला चांगल्या छपाईसाठी विशेष कागद लागत असे. १९८८ मध्ये आलेल्या डेस्कजेट प्रिंटरने साध्या कागदावर एका इंचात ३०० ठिपक्यांची छपाई शक्य केली.

एप्सन कंपनीने दाबविद्युत् तत्त्वावरचा मार्ग स्वीकारला. तिच्या मायक्रो पायझो तंत्राचा स्टायलस ८०० हा प्रिंटर १९९३ मध्ये आला आणि १९९४ मध्ये एका इंचात ७२० ठिपके छापणारा स्टायलस कलर आला. याच कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईची मोठी टाकी असलेले प्रिंटर प्रथम विक्रीस आणले. पुढे कॅनन, एचपी व ब्रदर यांनीही टाकीचे प्रिंटर काढले. भारतात जास्त छपाई करणाऱ्या ग्राहकांमध्ये हा प्रकार विशेष रूढ झाला आहे.

कार्यपद्धती

प्रिंट हेडवर नोझल म्हणून ओळखली जाणारी शेकडो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून थेंब बाहेर काढण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

औष्णिक पद्धतीत नोझलजवळील सूक्ष्म तापक काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्याला लागून असलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होऊन बुडबुडा तयार होतो आणि तो पुढची शाई बाहेर ढकलतो. बुडबुडा विरताच रिकाम्या जागेत नवी शाई येते. एचपी व कॅननचे बहुतेक घरगुती प्रिंटर या पद्धतीने चालतात.

दाबविद्युत् पद्धतीत विद्युत दाब दिल्यावर आकार बदलणारा स्फटिकी पदार्थ शाईच्या कप्प्याची भिंत किंचित आत दाबतो आणि थेंब बाहेर पडतो. यात शाई तापवावी लागत नाही. त्यामुळे शाईच्या घटकांच्या निवडीला अधिक वाव मिळतो. एप्सन व ब्रदर यांचे प्रिंटर या प्रकारचे आहेत.

थेंबाचे आकारमान पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. घरगुती प्रिंटरमधील थेंब साधारणतः १ ते ३० पिकोलिटरचे असतात. थेंब ५ पिकोलिटरचा धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे २० कोटी थेंब होतात. शाईची दाटता किंवा पृष्ठताण थोडासा बदलला तरी थेंबाचा आकार, वेग आणि दिशा बदलते. प्रत्येक प्रिंट हेडसाठी ठरावीक गुणधर्मांचीच शाई लागते, याचे कारण हेच आहे.

शाईचे घटक

घरगुती इंकजेट शाईचा मोठा भाग शुद्ध केलेले पाणी हा असतो. त्यात पुढील घटक मिसळलेले असतात.

- रंगकारक : रंजक किंवा रंगद्रव्य. छापलेल्या अक्षराचा रंग, गडदपणा आणि आयुष्य प्रामुख्याने यावर ठरते.
- आर्द्रताधारक : ग्लिसरीन, ग्लायकॉल यांसारखे पदार्थ. हे नोझलमधील शाई लवकर सुकू देत नाहीत.
- पृष्ठताण कमी करणारे पदार्थ : यांमुळे शाई कागदात योग्य वेगाने शिरते.
- आम्लता स्थिर ठेवणारे पदार्थ : यांमुळे रंगकारक विरघळलेल्या किंवा विखुरलेल्या अवस्थेत राहतो आणि धातूचे भाग गंजत नाहीत.
- जंतुरोधक : साठवणीत बुरशी व जीवाणू वाढू नयेत म्हणून.

शाई सुकली की पाणी उडून जाते व रंगकारक कागदावर राहतो. कागदावर लवकर सुकणारी शाई नोझलमध्येही लवकर सुकते, तर नोझलमध्ये ओली राहणारी शाई कागदावर पसरते. या परस्परविरोधी गरजांचा समतोल साधणे हे शाईनिर्मितीतील मुख्य कौशल्य आहे.

रंजक शाई व रंगद्रव्य शाई

बाजारात डाय इंक आणि पिगमेंट इंक या नावांनी ओळखले जाणारे शाईचे दोन मुख्य प्रकार अनुक्रमे रंजक शाई आणि रंगद्रव्य शाई हे होत.

रंजक शाईत रंगाचे रेणू पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असतात. साखर पाण्यात विरघळावी तशी ही स्थिती असते. असा रंग कागदाच्या तंतूंमध्ये खोलवर शिरतो. लेप असलेल्या चकचकीत कागदावर त्याचे रंग तेजस्वी, पारदर्शक आणि एकसारखे दिसतात. मात्र साध्या कागदावर हा रंग तंतूंच्या वाटेने आजूबाजूस पसरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात. पाण्याचा थेंब पडल्यास अनेक रंजके पुन्हा विरघळतात आणि अक्षर फुटते.

रंगद्रव्य शाईत रंग विरघळलेला नसून घन कणांच्या रूपात पाण्यात विखुरलेला असतो. हे कण साधारणतः १०० नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. काळ्या शाईसाठी कार्बन ब्लॅक म्हणजे अतिशुद्ध काजळी वापरतात. कण मोठे असल्याने ते कागदाच्या पृष्ठभागाजवळच अडकतात. परिणामी साध्या कागदावर काळा रंग अधिक गडद आणि कड अधिक रेखीव येते. कणाच्या बाहेरील भागाला प्रकाशाने इजा झाली तरी आतला भाग शाबूत राहतो, म्हणून रंगद्रव्य शाई उन्हात अधिक टिकते. चकचकीत कागदावर मात्र तिचा थर वर राहिल्याने चमक असमान दिसू शकते. तिरक्या प्रकाशात गडद भागांवर तांबूस झाकही दिसते.

| गुणधर्म | रंजक शाई | रंगद्रव्य शाई |
|---|---|---|
| रंगकारकाची अवस्था | विरघळलेला | विखुरलेले घन कण |
| साध्या कागदावरील मजकूर | कडा पसरतात, काळा रंग फिका | कडा रेखीव, काळा रंग गडद |
| चकचकीत कागदावरील छायाचित्र | तेजस्वी, एकसारखी चमक | चमक असमान होण्याची शक्यता |
| पाण्याचा परिणाम | शाई फुटण्याची शक्यता जास्त | सुकल्यावर परिणाम कमी |
| प्रकाशातील टिकाऊपणा | तुलनेने कमी | तुलनेने जास्त |
| नोझल तुंबण्याची शक्यता | तुलनेने कमी | तुलनेने जास्त |

अनेक प्रिंटरमध्ये या दोन्हींचा संयोग असतो. मजकुरासाठी काळी शाई रंगद्रव्याची आणि छायाचित्रांसाठी सायन, मॅजेंटा व पिवळी या शाया रंजकाच्या असतात. कॅननच्या पिक्समा जी मालिकेतील अनेक प्रिंटर व एचपीचे टाकीचे अनेक प्रिंटर या प्रकारचे आहेत. याउलट एप्सनच्या एल मालिकेतील ६६४ व ००३ या क्रमांकांच्या शाया चारही रंगांत रंजकाच्या आहेत. वरून सारखे दिसणारे टाकीचे दोन प्रिंटर साध्या कागदावरील काळ्या मजकुरात वेगळे का वाटतात, याचे एक कारण या फरकात आहे.

कागदाचा परिणाम

साधा कागद लाकडाच्या लगद्याच्या तंतूंचा बनलेला असतो. शाई या तंतूंमधून टीपकागदाप्रमाणे ओढली जाते. कागद बनवताना त्यावर किंवा त्यात शोषण कमी करणारे पदार्थ मिसळलेले असतील, तर पसरणे कमी होते. काही कागदांवर क्षारांची प्रक्रिया केलेली असते. असे क्षार रंगद्रव्याच्या कणांना पृष्ठभागावरच एकत्र गोठवतात, त्यामुळे काळा रंग अधिक गडद दिसतो आणि शाई लवकर सुकते. कागदाचे वजन, म्हणजे ७० किंवा ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर हा आकडा, जाडीची कल्पना देतो; शाई किती पसरेल हे त्यावरून कळत नाही.

छायाचित्रांच्या कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो. सूक्ष्मछिद्री लेप असलेला कागद क्षणात सुकतो, परंतु त्या छिद्रांतून हवेतील वायूही रंगापर्यंत पोहोचतात. फुगणाऱ्या बहुलकाचा लेप असलेल्या कागदावर शाई सुकायला वेळ लागतो आणि तो पाण्याला नाजूक असतो, पण रंगाला वायूंपासून चांगले संरक्षण देतो.

प्रिंटरच्या मांडणीत कागदाचा जो प्रकार निवडला जातो, त्यानुसार शाईचे प्रमाण ठरते. साध्या कागदावर छायाचित्राच्या कागदाची मांडणी वापरल्यास जास्त शाई पडते, कागद ओला होऊन सुरकुततो आणि अक्षरे भरून येतात. उलट चूक केल्यास छायाचित्र फिके व ठिपकेदार दिसते.

कार्ट्रिजचे प्रकार

एकत्रित कार्ट्रिज : यात शाई व प्रिंट हेड एकाच डबीत असतात. कार्ट्रिज बदलली की प्रिंट हेडही नवे मिळते, त्यामुळे तुंबलेल्या नोझलची अडचण आपोआप सुटते. अशा प्रिंटरची किंमत कमी, पण दर पानाचा खर्च जास्त असतो. तिन्ही रंग एकाच डबीत असल्यास एक रंग संपताच उरलेले दोन रंग असूनही ती बदलावी लागते.

स्वतंत्र कार्ट्रिज : प्रत्येक रंगाची डबी वेगळी असते आणि प्रिंट हेड प्रिंटरमध्येच कायमचे बसवलेले असते. संपलेला रंगच बदलावा लागतो. प्रिंट हेड बिघडल्यास मात्र दुरुस्ती महाग पडते.

शाईची टाकी : बाटलीतील शाई टाकीत ओतली जाते व नळ्यांमधून प्रिंट हेडपर्यंत जाते. दर पानाचा खर्च सर्वांत कमी असतो. टाकीत दीर्घकाळ शाई राहत असल्याने धूळ, हवेचे बुडबुडे आणि चुकीच्या रंगाची किंवा चुकीच्या प्रकारची शाई मिसळली जाणे हे धोके असतात.

कार्ट्रिजमधील शाई नोझलमधून आपोआप गळू नये म्हणून आत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब राखावा लागतो. त्यासाठी स्पंज, स्प्रिंग असलेली पिशवी किंवा झडप वापरतात. स्पंजमध्ये काही शाई शेवटपर्यंत अडकून राहते. अनेक कार्ट्रिजवर चिप असते. ती उडवलेल्या थेंबांच्या मोजणीवरून शाईच्या पातळीचा अंदाज दाखवते.

मूळ, सुसंगत व पुन्हा भरलेल्या कार्ट्रिज

प्रिंटरच्या उत्पादकाने स्वतः पुरवलेली कार्ट्रिज मूळ, दुसऱ्या उत्पादकाने त्याच प्रिंटरसाठी नव्याने बनवलेली ती सुसंगत, आणि वापरलेल्या डबीत पुन्हा शाई घातलेली ती पुन्हा भरलेली कार्ट्रिज होय. मूळ असल्याचे भासवून विकली जाणारी बनावट कार्ट्रिज हा यांहून वेगळा, बेकायदेशीर प्रकार आहे. सुसंगत कार्ट्रिज म्हणजे बनावट कार्ट्रिज नव्हे.

सुसंगत शाईची गुणवत्ता उत्पादकागणिक बदलते. चांगल्या सुसंगत शाईने साधा मजकूर मूळ शाईइतकाच समाधानकारक छापता येतो. फरक मुख्यतः तीन बाबतींत दिसतो. पहिली बाब रंगांच्या अचूकतेची : प्रिंटरचे रंगविषयक सॉफ्टवेअर विशिष्ट शाई व कागदाच्या जोडीसाठी जुळवलेले असते, म्हणून शाई बदलताच त्वचेचा रंग किंवा करडा रंग हिरवट अथवा तांबूस दिसू शकतो. दुसरी बाब टिकाऊपणाची : स्वस्त रंजके उन्हात लवकर विटतात. तिसरी बाब प्रिंट हेडच्या आरोग्याची : औष्णिक हेडमध्ये अयोग्य शाईचे घटक तापकावर करपून थर साचतो. या दोषाला कोगेशन म्हणतात. करपणे या अर्थाच्या जपानी शब्दावरून हे नाव पडले आहे.

पुन्हा भरताना शाईचा प्रकार जुळणे सर्वांत महत्त्वाचे असते. रंगद्रव्याच्या शाईत वेगळ्या रसायनाची रंजक शाई मिसळल्यास कणांचे विखुरलेपण बिघडून गुठळ्या होऊ शकतात आणि नोझल कायमची बंद पडतात. एकत्रित कार्ट्रिज वारंवार भरल्यास तिचे तापक व नोझल झिजतात. त्यामुळे ती अमर्याद वेळा भरता येत नाही.

सुसंगत कार्ट्रिज रोखण्यासाठी काही उत्पादक चिप व सॉफ्टवेअरचा आधार घेतात. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतर उत्पादकांच्या चिप असलेल्या कार्ट्रिज नाकारण्यास सुरुवात केली. ग्राहकांच्या तीव्र प्रतिक्रियेनंतर कंपनीने तो निर्बंध नसलेले सॉफ्टवेअर पर्याय म्हणून उपलब्ध करून दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या खटल्यात, एकदा विकलेल्या वस्तूवरील उत्पादकाचा पेटंट हक्क संपुष्टात येतो, असा निर्णय दिला. तो खटला लेझर प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजविषयी होता. पण वापरलेल्या कार्ट्रिज भरून विकण्याच्या व्यवसायाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा मानला जातो.

छपाईच्या गुणवत्तेचे मोजमाप

प्रिंटरच्या जाहिरातीत इंचातील ठिपक्यांची संख्या, उदाहरणार्थ ४८०० × १२०० किंवा ५७६० × १४४०, ठळकपणे दिलेली असते. ही संख्या थेंब किती बारीक अंतरावर टाकता येतो हे सांगते. थेंब कागदावर किती पसरतो हे ती सांगत नाही. एका इंचात ६०० ठिपक्यांच्या छपाईत दोन ठिपक्यांमधील अंतर सुमारे ०.०४२ मिलिमीटर असते. पसरणाऱ्या कागदावर ठिपका याहून कितीतरी मोठा होतो आणि मग वाढीव संख्येचा लाभ राहत नाही.

तुलनेसाठी पुढील निकष वापरले जातात.

- प्रकाशीय घनता : छापलेला भाग किती प्रकाश परत पाठवतो याचे लॉगॅरिथमी माप. घनता १ म्हणजे दहावा भाग आणि घनता २ म्हणजे शंभरावा भाग प्रकाश परावर्तित होतो.
- कडांचा रेखीवपणा : रेषेची कड किती खडबडीत व किती धूसर आहे.
- रंगांची व्याप्ती : शाई व कागदाच्या जोडीला दाखवता येणाऱ्या रंगांचा एकूण पल्ला.
- रंगांची सरमिसळ : शेजारच्या दोन रंगांच्या सीमेवर एक रंग दुसऱ्यात घुसणे.
- पट्टे : बंद नोझलमुळे किंवा कागद पुढे सरकण्यातील चुकीमुळे दिसणाऱ्या आडव्या रेषा.

मजकूर व रेषांच्या गुणवत्तेची मोजणी आयएसओ/आयईसी २४७९० या मानकात दिलेली आहे. कार्ट्रिजमधून किती पाने छापून होतात हे ठरवण्याची रीत आयएसओ/आयईसी २४७११ मध्ये असून त्यासाठीची पाच चाचणी पाने आयएसओ/आयईसी २४७१२ मध्ये आहेत. या चाचणीत किमान तीन प्रिंटर आणि प्रत्येकी तीन याप्रमाणे नऊ कार्ट्रिज वापरून सलग छपाई करतात. खोलीचे तापमान सुमारे २३ अंश सेल्सिअस ठेवतात. घरी अधूनमधून छपाई होत असल्याने नोझल साफ करण्यात शाई खर्च होते आणि प्रत्यक्ष पाने वेष्टनावरील आकड्यापेक्षा कमी भरतात.

उपकरणांशिवायही उपयुक्त तुलना करता येते. त्यासाठी एकच कागद, एकच मजकूर आणि प्रिंटरची एकच मांडणी ठेवून दोन शायांनी पाने छापतात व ती एक दिवस सुकू देतात. नंतर भिंगातून कडा पाहणे, अक्षरांवर पाण्याचा थेंब टाकणे, ठळक करणाऱ्या पेनने ओळ रेखणे, आणि पानाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ते काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवणे या चाचण्या करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलणे ही अशा तुलनेची पहिली अट आहे.

देवनागरी मजकुराची छपाई

शाईचे दोष देवनागरी लिपीत रोमन लिपीपेक्षा वेगळ्या रीतीने प्रकट होतात. शिरोरेखा ही ओळीभर आडवी धावणारी रेषा आहे. प्रिंट हेडही आडवेच फिरत असल्याने एखादे नोझल बंद असेल, तर त्याची पांढरी रेघ नेमकी शिरोरेखेत येऊन ती संपूर्ण ओळीत बारीक किंवा दुभंगलेली दिसू शकते. काना आणि अक्षरांचे उभे दंड हे दुसऱ्या दोषाचे दर्शक आहेत. हेडच्या डावीकडून व उजवीकडून होणाऱ्या छपाईचा मेळ बसला नसेल, तर उभा दंड मध्येच सरकलेला दिसतो.

शाई पसरल्याने द्ध, द्य, ष्ट्य, ह्म यांसारख्या जोडाक्षरांतील पोकळ्या भरून जातात. अनुस्वार शिरोरेखेला किंवा वेलांटीला चिकटतो. लहान आकारात छापताना हे केवळ सौंदर्याचे प्रश्न राहत नाहीत. अनुस्वार उमटला नाही तर ‘शिंदे’चे ‘शिदे’ होते. शाई भरून आलेला १ हा ९ सारखा वाचला जाऊ शकतो, आणि जमिनीच्या क्षेत्रातील दशांश चिन्ह दिसेनासे झाल्यास आकड्याचा अर्थच बदलतो. म्हणून मराठी मजकुरासाठी शाई तपासताना जोडाक्षरे, अनुस्वार, रफार आणि सर्व दहा अंक असलेला नमुना लहान व मोठ्या आकारात छापून पाहणे उपयुक्त ठरते.

टिकाऊपणा

छापलेला रंग प्रकाश, हवेतील ओझोनसारखे वायू, दमटपणा आणि पाणी यांमुळे नष्ट होतो. वायूंच्या परिणामाचे एक ठळक उदाहरण २००० साली समोर आले. एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० व १२७० या प्रिंटरवर विशिष्ट चकचकीत कागदावर छापलेली छायाचित्रे काही ठिकाणी थोड्याच काळात नारिंगी पडू लागली. उघड्या हवेतील ओझोनमुळे सायन रंजक नष्ट होऊन मॅजेंटा व पिवळा तेवढे उरत होते. त्यानंतर वायुरोधक रंजके व कागद विकसित करण्याकडे उत्पादकांनी अधिक लक्ष दिले.

छायाचित्रांच्या आयुष्याचे अंदाज अमेरिकेतील विल्हेम इमेजिंग रिसर्च ही संस्था प्रसिद्ध करते. ‘शंभर वर्षे टिकणारी’ अशा प्रकारचे दावे तीव्र प्रकाशातील वेगवान चाचण्यांवरून काढलेले असतात आणि ते ठरावीक शाई, ठरावीक कागद व ठरावीक मांडणीपुरतेच खरे असतात. छायाचित्र काचेच्या चौकटीत आहे, उघडे आहे की अल्बममध्ये आहे, यानुसार एकाच शाईचे आयुष्य खूप बदलते. शाई बदलून भरल्यास मूळ शाईचा दावा लागू राहत नाही.

दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी आम्लविरहित कागद आणि कार्बन ब्लॅकवर आधारित रंगद्रव्याची काळी शाई ही जोडी अधिक भरवशाची मानली जाते.

खर्चाची तुलना

दर पानाचा खर्च काढण्यासाठी कार्ट्रिजच्या किमतीला तिच्यातून मिळणाऱ्या पानांच्या संख्येने भागतात. समजा, एका कार्ट्रिजची किंमत ९०० रुपये असून तिच्यातून २०० पाने मिळतात, तर दर पान साडेचार रुपये पडते. ४५० रुपयांच्या बाटलीतून ४,५०० पाने मिळत असतील, तर दर पान १० पैसे पडते. टाकीचा प्रिंटर ९,००० रुपयांनी महाग असला, तर फरकाचे ४ रुपये ४० पैसे दर पानाला वाचून सुमारे २,०४५ पानांनंतर तो परवडू लागतो. महिन्याला १० पाने छापणाऱ्या घराला त्यासाठी सतरा वर्षे लागतील, तर रोज १०० पाने छापणाऱ्या केंद्राला तीन आठवडे.

या हिशेबात साफसफाईत जाणारी शाई, बिघडलेली पाने आणि प्रिंट हेडची संभाव्य दुरुस्ती धरावी लागते. नोझल साफ करण्याची आज्ञा वारंवार दिल्यास बरीच शाई टाकाऊ शाईच्या शोषक गादीत जाते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात सातबारा उतारा, उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले, परीक्षांची प्रवेशपत्रे आणि योजनांचे अर्ज यांची छपाई आपले सरकार सेवा केंद्रांत, सेतू केंद्रांत व खासगी संगणक केंद्रांत होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागल्याने कागदावर येणारी प्रत गावातच छापणे शक्य झाले. अशी प्रत पुढे बँकेत, शाळेत किंवा कार्यालयात सादर होते. अक्षरांबरोबरच तिच्यावरील क्यूआर कोडही सुवाच्य असावा लागतो. शाई पसरून कोडमधील पांढरे चौकोन भरले, तर तो वाचला जात नाही. पावसाळ्यात खिशातून किंवा पिशवीतून नेलेल्या प्रतीवर पाणी पडल्यास रंजक शाईचा मजकूर फुटतो. त्यामुळे या कामासाठी रंगद्रव्याची काळी शाई असलेला इंकजेट प्रिंटर किंवा लेझर प्रिंटर अधिक योग्य ठरतो. पारपत्र आकाराची छायाचित्रे चकचकीत कागदावर छापण्यासाठी मात्र रंजक शाई चांगली असते. दोन्ही कामे एकाच केंद्रात होत असतील, तर काळी शाई रंगद्रव्याची आणि रंगीत शाई रंजकाची असलेला प्रिंटर हा व्यवहार्य पर्याय आहे.

हवामानाचाही परिणाम होतो. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद आणि विदर्भातील इतर गावांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा कोरडी असते. प्रमाण चाचणीतील २३ अंशांच्या खोलीपेक्षा ही परिस्थिती अगदी वेगळी आहे. अशा हवेत नोझलच्या टोकाशी असलेल्या शाईतील पाणी लवकर उडते. शाळेला सुटी लागल्यावर महिनाभर बंद राहिलेला प्रिंटर जूनमध्ये रेघा मारत छापतो, त्याचे हे एक कारण असते. आठवड्यातून एखादे सर्व रंगांचे पान छापल्यास हा दोष टळू शकतो.

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केल्यास हेड आपल्या जागी परत जाऊन रबरी टोपीने झाकले जाते. भिंतीवरचे बटण आधी बंद केल्यास किंवा छपाई चालू असताना वीज गेल्यास हेड उघडेच राहते आणि नोझल सुकतात. वीजपुरवठा अनियमित असलेल्या ठिकाणी यूपीएसचा उपयोग संगणकाइतकाच प्रिंटरलाही होतो. पावसाळ्यात याउलट स्थिती असते. दमट कागद अधिक शाई ओढतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि रंजक शाईच्या कडा पसरतात. म्हणून उघडलेले रीम बंद पिशवीत ठेवले जाते.

शाईच्या बाटल्या व कार्ट्रिज उभ्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवतात. वेष्टन उघडल्यानंतर साधारण सहा महिन्यांत शाई वापरावी, अशी शिफारस अनेक उत्पादक करतात.

पर्यावरण

कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक, धातू, स्पंज आणि इलेक्ट्रॉनिक भाग एकत्र असल्याने त्यांचे पुनर्चक्रण कठीण असते. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०१६ च्या सूचीत कार्ट्रिजसह प्रिंटरचा समावेश करण्यात आला. त्यांची जागा घेणारे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या नियमांनुसार वापरानंतरच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर येते. रिकाम्या कार्ट्रिज घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्रात देणे अपेक्षित असते. उरलेली शाई नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणे टाळावे लागते, कारण तिच्यात जंतुरोधक व इतर रसायने असतात.

डबी पुन्हा भरल्याने प्लास्टिकचा कचरा कमी होतो. मात्र अयोग्य शाईमुळे संपूर्ण प्रिंटर निकामी झाला किंवा पाने पुन्हा छापावी लागली, तर हा लाभ उरत नाही. त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीनेही शाईचा प्रकार प्रिंटरशी जुळणे हीच पहिली अट ठरते.